गळती, पाझर, पेव

2024च्या डिसेंबरात जयपूरमध्ये सकाळचा पेपर उघडायची धास्ती वाटू लागली होती. 20 तारखेला पहाटे अजमेर रोडवर, भांकरोट्याजवळ, वळण घेणाऱ्या एलपीजीच्या टँकरला ट्रकने धडक दिली. गॅस बाहेर पडला, रस्त्यावर पसरला आणि मग पेटला. त्यात मागेपुढे उभी असलेली वाहनं सापडली, एक बस सापडली. 23 तारखेला कोटपुतलीजवळ तीन वर्षांची एक मुलगी उघड्या बोअरमध्ये पडली. तिला वर काढायला दहा दिवस लागले, आणि ती जिवंत नव्हती. 28 तारखेला जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढला एका शेतात बोअर मारताना सुमारे 850 फुटांवर जमिनीतून पाणी आणि वायू असे काही उसळले की बोअरचं यंत्र ट्रकसकट खड्ड्यात गेलं. दोन दिवस वाळवंटात कारंजं उडत होतं, शेतांतून पाणी वाहत होतं. लोक म्हणाले, सरस्वती वर आली. भूजलवाले म्हणाले, दाबाखालचं जुनं पाणी आहे. मग ते जसं आलं तसं आपोआप थांबलं.

तेव्हा माझ्या टेबलावर एका पुस्तिकेचा अनुवाद होता. वीजकेंद्रांच्या आणि कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साईड पकडायचा, दाबून द्रवासारखा करायचा आणि जमिनीखाली कायमचा ठेवायचा, असा तिचा विषय. मराठी माझ्याकडे, हिंदी इथल्याच एका मैत्रिणीकडे. मूळ इंग्रजीत 'लीकेज' हा शब्द पानोपानी होता. मैत्रिणीने पहिल्याच दिवशी 'रिसाव' लिहिलं आणि ती पुढे गेली. मी अडकले.

मराठीत नळ गळतो. भिंतीत पाणी झिरपतं. धरणाच्या पायथ्याशी पाझरतं. छप्पर ठिबकतं. बांध फुटतो. या प्रत्येक क्रियापदात वेग निराळा आहे, वाट निराळी आहे आणि घाबरायचं किती, तेही निराळं आहे. पाझराला आपण भीत नाही, उलट 'पाझर तलाव' बांधतो. इंग्रजी शब्द हे सगळं एका पिशवीत कोंबतो, आणि त्या पिशवीला मग टक्केवारी लावता येते: हजार वर्षांत इतके टक्के लीकेज. मला मात्र प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारावं लागत होतं की इथे वायू पाझरतोय, गळतोय की फुटून येतोय? हा भाषेचा चोखंदळपणा नव्हे, हे हळूहळू लक्षात आलं. भूशास्त्रज्ञांच्या लेखनातही नेमका हाच भेद महत्त्वाचा ठरतो.

'स्टोअरेज'चंही तसंच. 'साठवणूक' म्हटलं की डोळ्यांपुढे शीतगृह येतं. जमिनीखालच्या साठ्याला मराठीत नाव नाही का? आहे की. पेव. मोल्सवर्थच्या कोशात 'पेंव' आहे. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. आता हा शब्द फक्त वाक्प्रचारात उरलाय: शिकवण्यांचं पेव फुटलं, मॉलचं पेव फुटलं. बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पेव पाहिलेलं असतं.

माझं माहेर सांगलीचं असल्यामुळे मी पाहिलंय. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूर आहे. नाटकवाल्यांना ते गोविंद बल्लाळ देवलांचं गाव म्हणून माहीत असतं. हळदवाल्यांना पेवांचं गाव म्हणून. तिथली माती घट्ट, चिकट, पाणी न सोडणारी. तिच्यात रांजणाच्या आकाराचे खड्डे खणायचे, 20-25 फूट खोल, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट रुंद. आत शेणाने सारवायचं, पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची, तोंडावर दगड ठेवून वरून माती लिंपायची. वरून चालणाऱ्याला पायाखाली काय आहे ते कळतही नाही. अशा पेवात हळद वर्षानुवर्षं राहते. कीड लागत नाही, रंग जात नाही.

का लागत नाही? बंद पेवात जे जे श्वास घेतं, म्हणजे मालात राहिलेले किडे, बुरशी, धान्य असेल तर खुद्द धान्य, ते आतला प्राणवायू संपवतं आणि कर्बवायू मागे ठेवतं. मग किडे मरतात. औषध नाही, फवारणी नाही. पेव माल टिकवतं ते या कोंडलेल्या वायूच्या जोरावर. आणि म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं. तोंड काही तास मोकळं ठेवायचं, मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. कंदील तळाशी जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर थांबायचं. लहानपणी मी हे एकदा पाहिलं. कंदील खाली गेला, पिवळा ठिपका लहान लहान होत गेला, आणि मग तो दिसेनासा झाला. मला वाटलं खोल गेला म्हणून दिसत नाही. हमालाने काही न बोलता दोरी वर ओढली आणि तो सावलीत जाऊन तंबाखू मळत बसला.

कंदील हा काही अचूक मापक नव्हे, हे आता वाचून कळतं. कर्बवायूच्या बाबतीत ज्योत विझायच्या आधीच हवा माणसाला बाधायला लागलेली असू शकते. हवेत आज तो साधारण 0.04 टक्के आहे. 10 टक्क्यांवर गेला तर काही मिनिटांत शुद्ध हरपते. म्हणजे कंदील इशारा द्यायचा, पण अगदी कड्याच्या टोकावर. तरी शतकानुशतकं माणसांना तोच होता. नेपल्सजवळ एका गुहेत हे काम कुत्र्याकडून करून घेत. तिथे जमिनीलगत कर्बवायूचा थर असतो, कुत्र्याच्या उंचीचा. वाटाड्या उभा राहायचा, कुत्रं कोसळायचं, युरोपभरचे प्रवासी बघायचे, मग त्याला बाहेर नेऊन शुद्धीवर आणायचं. त्या गुहेचं नावच 'कुत्र्याची गुहा' पडलं.

हा वायू हवेच्या दीडपट जड आहे. जड वायू पाण्यासारखा वागतो: उताराकडे जातो, खळग्यात साचतो, दाराच्या फटीतून आत येतो. हे जयपूरला कोणी शिकवायला नको. 29 ऑक्टोबर 2009च्या संध्याकाळी सीतापुऱ्यातल्या तेलाच्या साठ्यावर एका झडपेपाशी पेट्रोल उसळलं. आम्ही तेव्हा नुकतेच या शहरात आलो होतो. सव्वा तासाच्या आसपास पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत राहिली, आणि साडेसातच्या सुमारास जो स्फोट झाला त्याने मालवीय नगरातल्या आमच्या घराच्या खिडक्या थरथरल्या. अकरा माणसं गेली. टाक्या विझवणं शक्य नव्हतं, जळून संपू दिल्या. अकरा दिवस दक्षिणेकडचं आकाश काळं होतं. चौकशीत पुढे आलेला एक तपशील मला विसरता येत नाही. झडप हाताळणारा माणूस वाफेने गुदमरला, आणि त्याला मदत करायला गेलेलाही गुदमरला. पेवांच्या आणि जुन्या विहिरींच्या बातम्या नेमक्या अशाच असतात. एक उतरतो, तो वर येत नाही, म्हणून दुसरा उतरतो. कर्बवायू पेटत नाही, एवढाच फरक. बाकी चाल तीच.

या वायूच्या नावांचा इतिहासही अनुवादकाने एकदा बघण्यासारखा आहे. 'गॅस' हा शब्दच त्याच्यामुळे जन्मला. सतराव्या शतकात फ्लेमिश वैद्य व्हान हेल्मोंट याने जळत्या कोळशातून आणि आंबणाऱ्या रसातून निघणाऱ्या, भांड्यात न मावणाऱ्या या पदार्थाला ग्रीक 'केऑस'वरून नाव दिलं. अनागोंदी, असं म्हणू. पुढे 1750च्या दशकात एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकने दाखवलं की हाच वायू चुनखडीत बांधलेला असतो आणि तापवली की सुटतो. त्याने नाव दिलं 'फिक्स्ड एअर', म्हणजे बांधलेली हवा. जुन्या मराठी शास्त्रीय पुस्तकांत तो 'कर्बद्विप्राणिद' झाला. ज्या वायूत प्राण जातो त्याच्या नावात दोनदा प्राण. माझ्या पुस्तिकेत अर्थात 'कार्बन डायऑक्साईड'च राहिला. पण सुटी अनागोंदी की दगडात बांधलेली हवा, हा वाद अडीचशे वर्षांनंतरही त्या पुस्तिकेच्या प्रत्येक पानावर होता.

पुस्तिकेतलं एक प्रकरण थंड कारंज्यांवर होतं. गीझर म्हटलं की आपल्याला वाफ आठवते. पण काही गीझर थंड असतात आणि त्यांना उडवणारा असतो कर्बवायू. गोटीसोड्याची बाटली ज्याने फोडलीय त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. खोल पाण्यात दाबाखाली वायू विरघळलेला असतो. वर कुठेतरी दाब थोडा कमी झाला की बुडबुडे धरतात. बुडबुड्यांनी पाण्याचा स्तंभ हलका होतो. तो हलका झाला की खालचा दाब आणखी कमी होतो. मग खालीही बुडबुडे. बघता बघता सगळा स्तंभ वर उसळतो. मग रिकामा होतो, पुन्हा भरत राहतो.

अमेरिकेत युटा राज्यात ग्रीन नदीच्या काठी 'क्रिस्टल गीझर' आहे. जर्मनीत ऱ्हाईनकाठी आंडरनाखला आहे, तो 50-60 मीटर उडतो आणि जगातला सर्वांत उंच थंड गीझर म्हणून दाखवतात. स्लोव्हाकियात हेर्ल्यानीला एक आहे. भूगर्भातला कार्बनचा साठा फुटला तर काय होईल याचे नैसर्गिक नमुने म्हणून अशा जागांचा अभ्यास होतो, असं पुस्तिकेत होतं. मी 'नैसर्गिक' लिहिलं आणि संदर्भ तपासायला म्हणून वाचत गेले. क्रिस्टल गीझर म्हणजे 1935-36 साली तेलाच्या शोधात मारलेलं, सुमारे 800 मीटर खोल छिद्र. आंडरनाखचं छिद्र 1903चं. हेर्ल्यानीचं 1870 ते 1875 दरम्यान खणलेलं, 404 मीटर. वायू नैसर्गिक, पाणी नैसर्गिक, पण कारंजं माणसाने पाडलेल्या भोकाचं.

ग्रीन नदीच्या काठावर याचा पुरावा दगडात आहे. तिथे भूस्तरात एक मोठा भंग आहे, आणि त्याच्या बाजूने वर आलेल्या पाण्याने सोडलेले चुन्याचे जुने थर आहेत. सर्वांत जुने सुमारे चार लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे वायू तिथे चार लाख वर्षं येतोय. पण तो पाझरत होता, झऱ्यांतून, थोडाथोडा. फुटला तो विसाव्या शतकात, तेलवाल्यांनी भोक पाडल्यावर. त्यांना तेल मिळालं नाही, आणि भोक तसंच राहिलं. माझ्या क्रियापदांचा गुंता इथे सुटला. खडकातून येतो तो पाझर. नळीतून, झडपेतून येते ती गळती. आणि विसरलेल्या छिद्रातून येतो तो फुटून येतो.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो टाळून चालणार नाही. 21 ऑगस्ट 1986च्या रात्री कॅमेरूनमधल्या न्योस तळ्याने तळाशी साचलेला कर्बवायू एकदम सोडला. तो दऱ्यांतून वाहत गेला आणि सुमारे 1,700 माणसं आणि हजारो जनावरं झोपेत गेली. तिथे कोणी भोक पाडलं नव्हतं. ज्वालामुखीच्या प्रदेशातलं खोल, न ढवळलं जाणारं तळं हे वायूचं नैसर्गिक पेवच. गंमत अशी (गंमत म्हणू नये, पण दुसरा शब्द सुचत नाही) की उपाय म्हणून 2001 साली त्या तळ्यात तळापर्यंत एक पाईप सोडला, आणि तेव्हापासून तिथे वायूच्या जोरावर आपोआप कारंजं उडू लागलं. फुटू नये म्हणून मुद्दाम, मोजून, रोज थोडं फोडत राहायचं. पेव तासभर उघडं ठेवण्याच्याच जातीची ही अक्कल.

आता आपल्याकडचं. नीती आयोगाच्या नोव्हेंबर 2022च्या अहवालात देशाच्या बेसाल्ट खडकात 97 ते 316 अब्ज टन कार्बन डायऑक्साईड मावेल असा सैद्धांतिक अंदाज आहे. अंदाजातली दरीच सांगते की हे अजून कागदावरचं आहे. पण बेसाल्ट म्हणजे मुख्यतः दख्खन, म्हणजे आपला काळा पाषाण. रायगडापासून वेरूळपर्यंत आपण ज्याच्यावर इतिहास कोरला तो. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी वायूचा संयोग होऊन दगड बनतो. आइसलंडमध्ये हेल्लिशेइदी इथे 2012 साली बेसाल्टमध्ये सोडलेल्या वायूपैकी 95 टक्के दोन वर्षांच्या आत दगड झाला, असं 2016 साली प्रसिद्ध झालं. ब्लॅकची बांधलेली हवा पुन्हा दगडात. दगड गळत नाही. या शक्यतेने मी खरोखर हरखले होते, आणि अजूनही ती मला खोटी वाटत नाही.

पण आइसलंडची रीत म्हणजे वायू पाण्यात विरघळवून सोडायचा. टनामागे सुमारे 25 टन पाणी. हा आकडा मराठीत लिहिताना हात थबकतो. लातूरला 2016 साली आगगाडीने पाणी नेलं होतं. अमेरिकेत वालुला इथे बेसाल्टमध्ये पाण्याशिवायही सुमारे 1,000 टन वायू सोडून पाहिलाय, तो मार्ग आहे. पण तेव्हा वायू दगड होईपर्यंत मोकळा असतो आणि त्या काळात वरच्या झाकणावर सगळी भिस्त. शिवाय दख्खनचं पोट सारखं नाही. कोयनेजवळ गोठणे इथे 2017 साली 3 किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झालं, त्यात बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास लागला आणि खाली ग्रॅनाइट. वायू दाट द्रवासारखा राहायला साधारण 800 मीटर खोली लागते. पूर्वेकडे, विदर्भाच्या बाजूला, काळा दगड पातळ होत जातो. आणि ते छिद्र पाडलं होतं भूकंपासाठी. 1962 पासून शिवाजीसागर भरू लागला, 11 डिसेंबर 1967ला 6.3चा धक्का आला. जमिनीखाली पाण्याचा दाब बदलला तर काय होऊ शकतं, हे जगाला शिकवणाऱ्या जागांत कोयना आहे. जिथे खोलवर दाबाने काही भरायचं, तिथे हा धडा वगळून कसं चालेल?

पुस्तिकेत जोखमीचा तक्ता होता. त्यात भूकंप होता, भूस्तरातले भंग होते, झाकणाच्या खडकाची जाडी होती. 'जुन्या विहिरी' एका ओळीत, शेवटून दुसऱ्या. मला ती ओळ पहिली हवी होती. 2024 साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिकेटरला असं उघड झालं की साठ्यातला वायू नेमलेला थर सोडून वेगळ्या थरात गेला. वाट कोणती, तर गंजलेली निरीक्षण-विहीर. साठ्यावर नजर ठेवायला पाडलेलं छिद्रच. वायू पृष्ठभागावर आला नाही, कोणाला इजा झाली नाही. आणि 22 फेब्रुवारी 2020ला मिसिसिपीत सटार्शिया गावाजवळ पावसाने खचलेल्या उतारावर कर्बवायूची पाईपलाईन फुटली, तेव्हा मोटारींची इंजिनं बंद पडली. मोटारीचं इंजिनही शेवटी कंदीलच. 45 जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, सगळे वाचले.

दख्खनमध्ये बोअर किती आहेत? मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात शेतकऱ्याला विचारा, तो स्वतःच्या मोजून सांगेल: ही लागली, या तीन कोरड्या गेल्या. कोरड्या गेलेल्यांचं पुढे काय झालं? केसिंग काढून नेलं, तोंडावर पोतं, पोत्यावर दगड. या बोअर 800 मीटरपर्यंत जात नाहीत, हे कबूल. साठ्याला त्या थेट भिडणार नाहीत. पण बेसाल्ट हा लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला, उभ्या-आडव्या भेगांचा खडक आहे, आणि जो वायू खालून पाझरत वर येईल त्याला शेवटच्या टप्प्यात तयार जिना मिळेल. वर एखादी पडकी विहीर, तिच्या तळाशी कुणी गाळ काढायला उतरलेला. डिसेंबरात कोटपुतलीला दहा दिवस जे चाललं होतं ते एका उघड्या भोकापायी. ते भोक कोणाच्या नोंदीत होतं?

हरिपूरच्या पेवांना नोंदवही नव्हती, पण प्रत्येक तोंड कोणाचं, कधी बंद केलं, आत काय, हे सांगणारी माणसं होती. 2005च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं, हळद सडली, कित्येक पेवं खचली. व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. पेवं मात्र कमी होत गेली, आणि त्यांतली किती अजून मातीखाली बंद आहेत ते सांगणारेही.

संपादकांना मी तीन गोष्टी कळवल्या. 'लीकेज'ला एकच शब्द ठेवणार नाही. संदर्भाप्रमाणे पाझर, गळती, फूट. थंड कारंज्यांच्या प्रकरणातून 'नैसर्गिक' हे विशेषण काढावं किंवा निदान छिद्रांची सालं द्यावीत. आणि 'स्टोअरेज'ला पेव. पहिली त्यांनी मान्य केली. दुसरीवर, मूळ लेखकांना विचारतो म्हणाले. सालं अखेर छापली गेली. तिसरीवर फोन आला. 'ताई, पेव नको. लोकांना वाटेल, फुटणार.'

मी 'भूगर्भीय साठवणूक' लिहून दिलं. शब्दसूचीत मात्र पेव ठेवलाय, अर्थासह: जमिनीखालचं बंद कोठार, उघडल्यावर लगेच आत उतरू नये.